कांडप मशीनची बोली

पिंपळगाव रेणुकाई
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. वंदना,

थोरल्या जावेचा आशीर्वाद. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

तू माझा नंबर ब्लॉक केलास, सोमेश्वर भाऊजी आपल्या सख्ख्या भावाचा फोन उचलत नाहीत, म्हणून हे पत्र. पत्ता तुझ्या आईकडून घेतला. लग्नानंतर मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझं अक्षर चांगलं आहे हे साऱ्या गावाला माहीत आहे.

इकडे सगळं ठीक. सासूबाईंचा गुडघा थंडीत फार दुखत होता, उन्हं वाढली तसा बरा आहे. म्हैस व्याली, वगार झाली. तुमच्या बाजूच्या तुळशीला रोज पाणी घालते. अक्षताची सायकल आत घेऊन ठेवली आहे. जालन्याच्या शाळेत ती रुळली का? भाऊजींना एमआयडीसीतल्या लोखंडी सळयांच्या मिलमध्ये भट्टीजवळचं काम मिळालंय असं ऐकलं. उन्हाळ्यात कसं व्हायचं त्यांचं?

मशीन बरी आहे.

हे वाक्य लिहून मी उठले, भांडी घासून परत आले. मशीन बरी नाही, वंदना. लिलावात घेतलेली ती मिरची कांडायची मशीन दोन महिन्यांपासून बंद पडून आहे. मिरच्या वाळवून बाया विचारायला येतात, “कधी चालू करता?” मी म्हणते, मिस्त्री यायचाय. मिस्त्री तर दोनदा येऊन गेला.

मी सगळ्यांना एकच सांगत आले. बँकेचा लिलाव होता, ऑनलाइन होता, बोली कोण लावतंय ते दिसत नव्हतं. आपल्याकडे काम पक्कं होईपर्यंत कुणी तोंडातून शब्द काढत नाही, दृष्ट लागते म्हणून. तुम्ही आम्हाला बोलला नाहीत, आम्ही तुम्हाला बोललो नाही. दोन्ही घरं एकाच मशीनवर बोली लावत बसली, यात कुणाचा काय दोष? सासूबाईंना हेच सांगितलं, तुझ्या आईलाही हेच सांगितलं. ह्यांना तर आजही हेच खरं वाटतं. भाऊजी त्या दिवशी अंगणात त्यांच्यावर ओरडले, “दादा, माझ्याच पोटावर पाय दिला का?” तेव्हा हे म्हणाले, “मला काय म्हाईत तू व्हतास?” तुझ्या दिराचं ते बोलणं खरं होतं. त्यांना माहीत नव्हतं.

मला माहीत होतं.

वाटणीत घराच्या मधोमध जो पत्रा ठोकला, त्यातून तुमच्याकडचं सगळं ऐकू येतं. लिलाव अकरा ते एक होता. हे बाजेवर फोन घेऊन बसले होते, मी पत्र्याला पाठ लावून. आम्ही आकडा वाढवला की पलीकडून भाऊजींचा आवाज यायचा, “गेला ना वर!” मग आमच्या फोनवर आकडा वाढायचा. ह्यांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यांच्या लक्षात आलं नाही. मी मात्र प्रत्येक वेळी म्हणत राहिले, “वाढवा. अजून वाढवा.”

नव्वद हजारांवर पलीकडे शांतता झाली. भाऊजी म्हणाले, “आजून पाच टाकू ना, आता कशाला मागं सरायचं?” आणि तू म्हणालीस, “न्हाई. वहीत लिव्हलं ते लिव्हलं. बस झालं. च्या टाकते.”

आणि तू खरंच चहा टाकलास! आल्याचा वास आला मला. कपबशा वाजल्या, भाऊजी काहीतरी म्हणाले आणि तू हसलीस.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. जिच्या हातून मशीन चालली होती ती चहा पीत होती, आणि जिला मिळत होती तिच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. तेवढ्यात आमच्या फोनवर आकडा पुन्हा वर गेला. मला वाटलं, ही तुझीच चाल. वर वर चहा प्यायचा आणि भावाच्या नाहीतर मैत्रिणीच्या फोनवरून बोली लावायची. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ आणखी पाच मिनिटं वाढायची. अशी ती दोन वाजेपर्यंत वाढत गेली. हे म्हणाले, “आगं, नवी दीड लाखाला मिळते, बस कर.” मी म्हणाले, “आता सोडली तर मी जेवणार न्हाई.” एक लाख छत्तीस हजारांना मशीन आमची झाली. वर जाणारा तो दुसरा माणूस सिल्लोडचा कुणी व्यापारी होता, हे मागाहून कळलं. तू तर कधीच थांबली होतीस.

टेम्पोतून मशीन उतरली तेव्हा तू दारात उभी होतीस. मला वाटलं, आता रडेल, भांडेल. मी तयारीतच होते. तू मशीनकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, “जाऊबाई, शाफ्टला चीर हाये. बघून घेतली ना?”

कुठली बघते! मशीन भोकरदनच्या गोदामात होती, तिथवर जायला अर्धा तास लागत नाही. ‘जशी आहे, जिथे आहे तशी’ असं नोटिशीत लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलंही होतं. तू मात्र एसटीने जाऊन, बँकेच्या माणसाला गोदाम उघडायला लावून, मुसळं उचलून बघून आलीस. जालन्याच्या लेथवाल्याला शाफ्टचा भाव विचारलास. सगळं धरून नव्वद लिहिलंस आणि नव्वदलाच थांबलीस.

तू म्हणशील, वहीत नव्वदच लिहिले होते ते हिला कसं माहीत. तेच सांगायचं राहिलंय. ते सांगितल्याशिवाय हे पत्र टाकणार नाही असं मनाशी ठरवलंय.

लिलावाच्या आठ दिवस आधी मी रेशनकार्डाच्या कामाला राधेश्यामच्या ऑनलाइन सेंटरवर गेले होते. तो आपला बोलघेवडा. म्हणाला, “वैनी, दोघी जावा मिळून मशीन घेऊन राह्यल्या का? धाकट्या वैनी कालच फॉर्म भरून गेल्या. वहीत आकडा लिहून आणला व्हता, नव्वदच्या वर एक रुपया न्हाई म्हणे.” मला त्या क्षणापर्यंत मशीनचं नावही माहीत नव्हतं, वंदना. कांडपाचा धंदा करावा असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी तिथेच खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “आमचाबी फॉर्म भर.”

नऊ वर्षांपूर्वी तू या घरात आलीस तेव्हापासून मी तुझ्यावर जळते. भाजी मी केलेली असते आणि सासूबाई पाहुण्यांना सांगतात, “आमच्या धाकटीचा मसाला हाये.” मिरची भाजताना गल्लीला ठसका लागतो, तू आपली गाणं म्हणत परतत असतेस. तीन वर्षं तू भोकरदनला जाऊन मिरची कांडून आणलीस, डोक्यावरून पिशव्या वाहिल्यास, जालन्यापर्यंत गिऱ्हाईक लावलंस. मला वाटायचं, ही थकेल, सोडून देईल. तू तर थेट मशीनपर्यंत पोचलीस. मला मशीन नको होती. ती तुझ्या दारात यायला नको होती, एवढंच.

तुम्ही सामान भरून जालन्याला निघालात त्या सकाळी मी शेतात निघून गेले. काम काहीच नव्हतं. बांधावर बसून राहिले.

आता कामाचं. मशीन चालवायला जाऊन ती चीर वाढली, मोटारही जळली. ह्यांनी ती विकायला काढली आहे, जुन्या मशीनच्या एका साइटवर. लिलाव २३ तारखेला, सकाळी दहा ते बारा. सुरुवात चाळीस हजारांपासून. ‘सुस्थितीत’ असं लिहिलंय. फोटोत चीर दिसणार नाही, कारण तिच्यावर हिरवा रंग मारला आहे. तो मीच मारला.

तुम्हाला सरळ द्या म्हणून मी ह्यांना एकदा बोलून पाहिलं. म्हणाले, “त्यानं येऊन मागावी.” आणि भाऊजी भावाच्या हातून काही घेणार नाहीत, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण लिलावात नाव दिसत नाही. तू घेतलीस तर कुणालाच कुणापुढे वाकायला लागणार नाही. पैसे भरून झाल्यावर कळलं तर कळू दे, त्या दिवशीची बोलणी मी खाईन. राधेश्यामकडे जाऊ नकोस, जालन्यातूनच फॉर्म भर.

नीट ऐक. मी मिस्त्रीला दोनदा विचारून घेतलंय. शाफ्ट नवाच टाकावा लागेल, वेल्डिंग टिकणार नाही, अठरा हजार. मोटारीचं वाइंडिंग पाच हजार. दोन मुसळं झिजली आहेत, ती तू आधी बघितली होतीस त्याहून जास्त. खोकं मात्र दणकट आहे आणि बेअरिंग नवी आहेत, ती आम्ही टाकली. सगळं धरून तिची किंमत पासष्ट हजार. त्याच्या वर एक रुपयाही लावू नकोस. ह्यांना लाखाची आशा आहे, आणि मी त्यांची बायको असून तुला हे लिहितेय. सिल्लोडचा व्यापारी पुन्हा येईल, त्याला नेऊ दे हवी तर. येईल तेव्हा रंग खरवडून बघेलच तो. तू माझी दया येऊन किंवा मला दाखवायला म्हणून सहासष्टावर जाऊ नकोस. ते मी केलं असतं.

मी त्या दिवशी ह्यांच्या शेजारी बसून फोन बघत असेन. बोली कोण लावतंय ते मला दिसणार नाही. पण पासष्टला कुणी थांबलं, तर मला कळेल.

तुझ्यावर अजूनही जळणारी,
दैवशाला