बोला, नाशिक

७ जानेवारी १९९८, बुधवार

मला ओरडता येत नाही! आज गंगेवर, गोदावरीच्या काठी, बुधवारच्या बाजारात मेथीच्या जुड्या मांडून बसले, तेव्हा कुठे हे लक्षात आलं. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून गेली. बोर्डावर बसायचं आणि हळू बोलायचं. ओठ माऊथपीसला टेकतील इतके जवळ, आवाज खाली. शेजारच्या मुलीला त्रास होता कामा नये. सुपरवायझरबाई मागून फिरायच्याच. आता समोर अख्खा बाजार, आणि मी म्हणतेय, "मेथी घ्या हो." माझं मलाच ऐकू येईना.

शेजारी कुसाबाई बसते. पेठच्या बाजूची आहे, नागली आणि वाल विकते. तिचा आवाज पार पुलापलीकडे जातो. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "बाई, तू गिऱ्हाइकाला सांगतीस का सोताशीच बोलतीस?"

एकानं कोथिंबीर आहे का विचारलं. मी म्हटलं, "होल्ड करा." तो बिचारा खरंच थांबला.

निम्म्या जुड्या परत आणल्या. आज मेथी, उद्याही मेथी. तरी दिवस फार छान गेला.

८ जानेवारी

देवळाली कॅम्पहून जीवनचा फोन. धाकटा भाऊ, पण बोलतो थोरल्यासारखा. "ताई, पेन्शन आहे, घर आहे. मागच्या पाच गुंठ्यांत हौसेनं काय लावायचं ते लाव. पण बाजारात कशाला बसायचं?" म्हटलं, एवढी मेथी मला एकटीला संपत नाही.

खरं कारण सांगितलं नाही. मला माणसांचे आवाज हवेत. इतकी वर्षं कानात सतत कुणी ना कुणी बोलत होतं. रिटायर झाल्यापासून घरात फक्त कुकरची शिट्टी.

१४ जानेवारी, संक्रांत

सगळं संपलं! कुसाबाई आता माझ्याही वाटचं ओरडते — "नागली घ्या, अन् बाईची मेथी घ्या." तिला तिळगूळ दिला. गोड बोल म्हटलं. म्हणाली, "मी गोड बोलते, तू मोठ्यानं बोल."

२१ जानेवारी

शेपूला कीड. बाकी आनंद.

४ फेब्रुवारी, बुधवार

बाजारात द्राक्षं आली. समोरच्या रांगेत एक नवा माणूस क्रेट मांडून बसलेला. पांढरी टोपी, जाड भिंगांचा चष्मा. मी जुड्यांवर पाणी मारत होते. तो ओरडला, "दिंडोरीची द्राक्षं! घ्या, दिंडोरी, दिंडोरी!"

तांब्या हातात तसाच राहिला.

हा आवाज मला माहीत आहे. "डो"वर जोर आणि शेवटची "री" लांबवलेली. वर्षानुवर्षं रोज ऐकलाय. दिंडोरीच्या छोट्या एक्स्चेंजमध्ये तो एकटा ऑपरेटर, आणि इकडे नाशिकच्या ट्रंक बोर्डावर मी. मी त्याला "दिंडोरी" म्हणायची, तो मला "नाशिक". नाव मी विचारलं नाही, त्यानंही नाही. भेट तर कधीच नाही. पण कॉल जोडता जोडता किती बोललो असू! पावसापाण्याचं, त्याच्या पोराच्या शाळेचं, कुणाच्या कॉलला कोण कसं भांडलं त्याचं. त्याची बायको गेली तेव्हा तिच्या माहेरी कळवायचा अर्जंट कॉल मीच लावून दिला होता. माझे बाबा गेले त्या आठवड्यात मला बोर्डावर रडू आलं, तर तो काही बोलला नाही, नुसती लाईन धरून बसला.

मग दिंडोरीचं एक्स्चेंज ऑटोमॅटिक झालं. सकाळी ड्यूटीवर आले तर लाईन बंद. निरोप नाही, काही नाही.

अठ्ठावन्न वर्षं वय झालं आणि पुढच्या बुधवारचे दिवस मोजतेय. लिहायलाही लाज वाटते. लिहितेय तरी.

११ फेब्रुवारी

मेथी विकायला इंदुरी साडी नेसून गेले! कुसाबाईनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

त्याच्या क्रेटसमोर उभी राहिले आणि बोर्डावरच्या आवाजात म्हटलं, "अर्धा किलो द्या." माझा तो आवाज अर्ध्या गावाच्या ओळखीचा. बँकेत, रेशनच्या रांगेत लोक वळून विचारायचे, तुम्ही एक्स्चेंजमधल्या का?

त्यानं माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मग हसला. "काय म्हनलात, मावशी?"

मावशी! माझ्याहून मोठाच असेल तो.

पुन्हा सांगितलं. त्यानं एक किलो तोलली. मी गुपचूप घेऊन आले.

१२ फेब्रुवारी

द्राक्षं आंबट आहेत.

(नाहीत. साखर आहेत. पण मी आंबटच म्हणणार.)

१८ फेब्रुवारी, बुधवार

त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही असं ठरवून गेले. आणि तासाभरातच त्याच्या पाठीमागून जाताना मुद्दाम म्हटलं, "दिंडोरी." ढिम्म. मानसुद्धा वळली नाही. इतका कसा विसरतो माणूस! जागेवर आले आणि कुसाबाईवर उगाच चिडले.

ती नागली मापता मापता म्हणाली, "कोन, रंगनाथ? दर साली येतो द्राक्षं घेऊन. त्याला मागून हाक नको मारू. बहिरा हाय तो. टायफॉइड झाला व्हता, दोन्ही कान गेले. समोरच्याचं तोंड बघून समजतो."

रंगनाथ. म्हणजे नाव रंगनाथ.

घरी आल्यावर खूप रडले. त्यानं माझा चेहरा कधी पाहिलेला नाही. माझं म्हणून त्याच्यापाशी जे होतं तो नुसता आवाज. आणि आता तोच त्याला ऐकू येत नाही. मी त्याच्यासमोर उभी राहिले काय, न राहिले काय.

२० फेब्रुवारी

सोडून द्यावं का? तो मजेत आहे. सून पल्लवी बरोबर असते, ती पैसे घेते, तो तोलतो, गिऱ्हाइकांची थट्टा करतो. नाशिकच्या बोर्डावर आम्ही कितीतरी जणी होतो, त्याला मीच का आठवावी?

पण एप्रिलमध्ये द्राक्षं संपतील आणि तो दिसायचा बंद होईल. मागच्या वेळी लाईन गेली ती माझ्या हातात नव्हती. या वेळी आहे. सांगायचं.

२५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

कपालेश्वराच्या दर्शनाची रांग आमच्या रांगेत घुसली. त्याचे क्रेट सकाळीच रिकामे. तो दिसला तो टेंपोत बसतानाच.

४ मार्च, बुधवार

फजिती! त्याच्या समोर जाऊन, तोंड दाखवून, नीट सांगितलं — मी नाशिक बोलतेय. तो माझ्या ओठांकडे बघतोय, बघतोय. शेवटी म्हणाला, "काय बी कळत नाय, बाई. तुमचे ओठच हालत नाय. टेलिफोनवाल्या पोरी बोलत्यात तसं काय बोलता?"

त्याचं अगदी बरोबर होतं. जन्मभर ओठ न हलवता बोलायला शिकले, शाबासक्या मिळवल्या, आणि नेमकं तेच आज आडवं आलं. पल्लवी म्हणाली, "मला सांगा ना, मी अण्णांना सांगते." नको म्हटलं. हा निरोप तिसऱ्याकडून द्यायचा नाही.

कुसाबाईला सगळं सांगून टाकलं. आधी पोट धरून हसली. मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "तोंड उघड. भाकर खायला उघडतीस तसं. हां. आता म्हन — ना-शि-क."

गिऱ्हाइकं बघत होती. बघू देत.

७ मार्च

आरशासमोर सराव. आ, ई, ऊ. शेजारची आशा खिडकीतून विचारते, दाढ दुखतेय का? हो म्हटलं.

९ मार्च

आशानं लवंगेचं तेल आणून दिलं. गुणी बाई आहे.

११ मार्च, बुधवार

आजचं आजच लिहायला हवं.

गर्दी ओसरल्यावर गेले. तो क्रेटमधला कागद झटकत होता. त्यानं वर पाहीपर्यंत थांबले. मग तोंड एवढं उघडून, एकेक अक्षर वेगळं काढून म्हटलं, "दिंडोरी. नाशिक बोलतेय. लाईन क्लिअर आहे का?"

भलतंच मोठ्यानं गेलं ते. इतक्या आठवड्यांत मेथीसाठी निघाला नाही तो आवाज आज निघाला! दोन्ही रांगा माझ्याकडे बघायला लागल्या. कुणी तरी हसलं.

तो हसला नाही. कागद हातातून खाली पडला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि माझा चेहरा बघत राहिला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. इतका वेळ रस्त्यावर ओरडणारा तो माणूस, त्याचा आवाज एकदम खाली आला. बोर्डावरचा. ओठ जेमतेम हलले.

"बोला, नाशिक."

पल्लवीनं तिची गोणी मला बसायला दिली. ती घाबरून विचारत होती, "अण्णा, काय झालं? कोण आहेत या?" तो म्हणाला, "हेड ऑफिस."

त्यानं सांगितलं, लाईन सकाळीच काढून टाकली, निरोप द्यायला बोर्डच राहिलं नाही. मग एसटीडी बूथवरून दोनदा ट्रंक बुकिंगला फोन लावला होता. दोन्ही वेळा दुसरीच कुणी बोलली. "विचारनार काय? तुमचं नाव कुठं ठाव होतं मला?"

मी माझं नाव सांगितलं. वत्सला. त्यानं ते ओठांवरून वाचलं, एकदा म्हणून पाहिलं आणि म्हणाला, "चांगलं हाय. पन नाशिकच बरं."

१८ मार्च

नवा शोध! मला आवाज काढायची गरजच नाही. मी आपल्या जागेवरून नुसते ओठ हलवते आणि समोरच्या रांगेतून तो उत्तर देतो. आज सकाळपासून पल्लवीच्या बटाटेवड्यांवर बोललो. मध्ये गिऱ्हाइकं येतात-जातात, कुणाला पत्ता नाही.

कुसाबाई मात्र वैतागली आहे. "अगं, मला ऐकू येईल असं बोल की! तुला काय याच्यासाठी शिकवलं व्हतं?"

२५ मार्च

मेथी घ्या, मेथी! — मी ओरडले. मीच. पुलापर्यंत तरी गेलं असेल.

१ एप्रिल

त्यानं पल्लवीकडून निरोप पाठवला की माझ्या जुड्यांत साप आहे. मी उठून पळाले. तारीख नंतर लक्षात आली. पुढच्या बुधवारी बघतेच त्याला.

१५ एप्रिल, बुधवार

शेवटचा क्रेट. बागेत आता काही उरलं नाही, पुढच्या बुधवारपासून येणार नाही म्हणाला. मला माहीतच होतं. मी ओठ हलवून हवापाण्याचं काहीबाही बोलत राहिले. तोही बोलत राहिला. मग पल्लवी चहा आणायला गेली आणि त्यानं बोर्डावरच्या आवाजात म्हटलं, "तीन मिनिटं झाली, नाशिक. कॉल वाढवायचा का?"

ट्रंक कॉलची तीन मिनिटं संपली की आम्ही लाईनवर येऊन हेच विचारायचो, परक्या माणसांना, दिवसभर. मला स्वतःला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तो हसत नव्हता. टोपी काढून हातात धरली होती.

मी म्हटलं, वाढवा. ओठ नीट हलवून म्हटलं. त्याला कळलं.

१७ मे, रविवार

जीवनचा फोन. फार हळहळत होता — सरकारनं रिटायर व्हायचं वय साठ केलंय, ताई तू थोडक्यात हुकलीस, अजून दोन वर्षं बोर्डावर बसली असतीस! म्हटलं, ते असू दे, तू लग्नाला ये. पुढच्या रविवारी, दिंडोरीला.

"कुणाच्या?"

"माझ्या."

लाईनवर कितीतरी वेळ काहीच आवाज आला नाही. मी धरून बसले.