सर्वपित्रीचं दुसरं पान

श्रूजबरी,
११ ऑक्टोबर २०२६

प्रिय विनीताताई,

सप्रेम नमस्कार. पार्सिपनीत सगळे मजेत असाल. तू पाठवलेल्या भाजणीचे वडे मस्त खुसखुशीत झाले. मुद्दाम कागदावर लिहितेय. अनिकाला मराठी वाचता येत नाही, तेवढंच बरं.

तिचं म्युझियमचं काम जोरात आहे, इथल्या एका जुन्या हत्याकांडावर प्रदर्शन मांडतायत. साडेतीनशे वर्षांपूर्वी इथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी नदीकाठी मासेमारीला उतरलेल्या मूळ रहिवाशांवर पहाटे हल्ला केला. झोपेतल्या बायका, पोरं, म्हातारे, कुणाला सोडलं नाही. पळाले ते धबधब्यात वाहून गेले. अनिका हे सांगते आणि घळाघळा रडते.

ऐकून माझंही काळीज तुटतं, खोटं कशाला बोलू? पण ताई, मला त्यांचा हेवा वाटतो. मेलेल्यांचा हेवा! स्वतःच्या बापाला जाऊन वर्ष उलटलं, ही पोरगी एकदा रडली नाही. श्रीरामचा विषय काढला की लॅपटॉप उघडून बसते.

काल सर्वपित्रीला त्याचं पहिलंच पान. मी घरामागच्या डेकवर मांडत होते, तर ही दुसरं केळीचं पान धुऊन घेऊन आली.

"आई, one for them."

"आजचा दिवस तुझ्या बाबांचा आहे. आज तरी त्यांना मध्ये आणू नकोस!"

"ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचंपण आज करतात, तूच म्हणालीस ना? त्यांची तर नावंसुद्धा कुणाला माहीत नाहीत."

माझीच विद्या माझ्यावर उलटली. माझ्याच पातेल्यातली खीर तिने त्यांना वाढली.

कावळा आला तो थेट त्या परक्या पानावर. श्रीरामच्या वड्याकडे मेल्याने ढुंकूनही पाहिलं नाही. माझा नुसता जळफळाट! कावळासुद्धा त्यांचाच?

"बाबा असेच होते," अनिका हळूच म्हणाली. "घरी कुणीही आलं की, you eat first. स्वतः शेवटी, सगळं थंड झाल्यावर." आणि एकदम माझ्या गळ्यात पडली. "I miss him, आई."

किती वेळ रडलो कोण जाणे. डोळे पुसले तेव्हा दोन्ही पानं रिकामी होती. कावळ्याने खाल्लं की खारीने, पाहिलंच नाही.

हेवा पुरता गेलेला नाही हं. बापासाठी रडायला तिला त्यांनी शिकवलं, मी नाही. पण पुढच्या वर्षी भाजणी जरा जास्त पाठव. आता दरवर्षी दोन पानं वाढायची आहेत.

आधी त्यांचं, मग श्रीरामचं.

तुझीच, अजून थोडी जळणारी,
रत्ना