एकतीस तास आणि एक पूल

३ एप्रिल, सोमवार

संपादक हातिमचा फोन. नवा गेम आलाय, आपल्या अलेक्झांड्रियातच तिघांनी मिळून बनवलेला. रिव्ह्यू तुम्हीच करा मदाम, तुमच्यासारखं लिहिणारं माझ्याकडे दुसरं कोणी नाही, म्हणाला. खरं आहे ते. गेमचं नाव ‘कालव्यापलीकडे’. बनवणारी मिरेत, माझ्या शाळेतल्या एव्हलिनची मुलगी. एव्हलिन जाऊन दीड वर्ष झालं. ओळखीची मुलगी म्हणून एक गुणही जास्त द्यायचा नाही, असं ठरवलं.

पाच दिवसांत गेम संपवायचा. रोज एक तास पुरे.

४ एप्रिल, मंगळवार

सुरुवात सुंदर. जुना कालवा, त्यावर एक अरुंद पूल. पलीकडे खिडकीत उजेड, एक बाई पाठमोरी उभी. अलीकडे एक मुलगी. पुलावर तीन कुत्रे. कुत्रा झेपावला की नेमक्या क्षणी गोल बटण दाबायचं, नाहीतर मुलगी पाण्यात पडते आणि ओलीचिंब होऊन पुन्हा अलीकडे येते.

मुलगी चाळीस वेळा पडली. कंट्रोलर जुना आहे, बटण अडकतं.

६ एप्रिल, गुरुवार

नवा कंट्रोलर. बटण अडकत नाही. चष्म्याचा नंबर बदललेला दिसतो.

माझी बहीण जिझेल उपासाचे वाटाणे सोलत मागे बसली होती. म्हणाली, अगं ओदेत, त्या पोरीला न्यूमोनिया होईल, बाहेर काढ तिला. मी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, पहिल्या कुत्र्याला तू आता नावाने ओळखत असशील.

तीस वर्षं सिनेमावर लिहिलं. कॅमेरा चालवता येतो का, असं मला कोणी विचारलं नाही. शाळेत सिस्टर क्लोतिल्द पियानोच्या परीक्षेला मार्क द्यायच्या. संधिवाताने त्यांची बोटं वळायची नाहीत, पण चुकीचा सूर लागला की डोळे मिटायच्या आणि सगळं कळायचं. समीक्षा म्हणजे ते. बोटांचं काम वेगळं, मनाचं वेगळं.

उद्या दुसरा कुत्रा.

९ एप्रिल, रविवार. संध्याकाळी

चर्चमधून खजुरीच्या पानांचा क्रूस आणला. दारावर लावला आणि खेळायला बसले. दुसऱ्या कुत्र्याच्या पुढे दोन पावलं गेले. मोठी प्रगती.

रिव्ह्यू आजच द्यायचा होता. लिहून टाकला. एका बैठकीत, एक शब्द न खोडता. मला जे दिसलं ते लिहिलं: मुलगी पुन्हा पुन्हा बुडते आणि खिडकीतली बाई एकदाही वळून बघत नाही. इतका कोरडा, इतका बिनकाळजाचा गेम मी पाहिला नाही. शेवटचा परिच्छेद वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. दहापैकी चार.

आमच्या साइटचा नियम आहे, रिव्ह्यूखाली किती तास खेळलात ते लिहायचं. मी खोटं लिहीत नाही. एकतीस.

११ एप्रिल, मंगळवार

छापून आला. बासिलने मेसेज केला, एकतीस तास, कमाल आहे, मी आठ तासांत संपवला. बासिल आमच्याकडचा तरुण रिव्ह्यूवाला. सगळे गेम संपवतो आणि वॉशिंग मशीनच्या माहितीपत्रकासारखं लिहितो. आठ तासांत कोणती कलाकृती कळते?

दुपारी मिरेतचा फोन. लहानपणापासून मला तान्त, म्हणजे मावशी, म्हणते. चिडली असेल असं वाटलं होतं, पण आवाज शांत होता. एकच विचारलं: तान्त, तुम्ही कुठपर्यंत गेलात? मी म्हटलं, बाळ, एकतीस तास. तिने तो आकडा एकदा स्वतःशी म्हटला. मग म्हणाली, बरं, ईस्टरला भेटू.

तिने विषय वाढवला नाही, हे मला आवडलं. एव्हलिनचेच संस्कार.

१४ एप्रिल, शुक्रवार

गेम काल सगळ्यांसाठी बाजारात आला. हातिमकडून कळलं, गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या पहिल्या पानावर कोणाला जागा द्यायची ते आमच्यासारख्यांचे गुण बघून ठरवतात. मिरेतच्या गेमला ती मिळाली नाही. पहिला आठवडा गेला की सगळं गेलं, म्हणाला.

मला वाईट वाटलं. पण सत्य सांगणं हे माझं काम. रात्री थोडा वेळ खेळले, केवळ गेमला न्याय द्यावा म्हणून. तीन मिनिटं.

१७ एप्रिल, सोमवार

शम्म एन्नसीम, वसंताचा सण. सगळं शहर समुद्रावर, खारवलेले मासे आणि कांद्याची पात घेऊन. काल ईस्टरला मिरेत आली नाही. फोनही नाही.

जिझेलला एकटीला पाठवलं आणि सरावाला बसले. पडदे ओढून घेतले. ती येताना माझ्यासाठी मासा घेऊन आली, तो खेळताखेळता खाल्ला. त्यामुळे बटणं निसरडी झाली, म्हणून आजचा दिवस धरायचा नाही.

१८ एप्रिल, मंगळवार

एका वाचकाने माझ्या खात्याचा फोटो टाकलाय. मशीनवर प्रत्येकाचं खातं असतं, हे माहीत होतं. त्या खात्यावर आपण काय काय जिंकलं ते सगळ्या जगाला दिसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. या गेममध्ये सगळ्यात पहिली ट्रॉफी ‘पूल ओलांडला’. माझ्या नावापुढे ती जागा रिकामी आहे. शेजारी त्याने माझ्याच रिव्ह्यूतली वेळ लावलीय: एकतीस तास. खाली कोणीतरी लिहिलंय, आजी कुत्र्यांना बिस्किटं घालत बसल्या असतील. बाराशे लोकांना ते आवडलं.

हातिम आधी मला मदाम म्हणायचा, आज मदाम ओदेत म्हणाला. मग विचारलं, हे खरं आहे का? मी म्हटलं, सिनेमातसुद्धा पहिल्या दृश्यात दिग्दर्शक कळतो. तो म्हणाला, पण तुम्ही सिनेमा शेवटपर्यंत बसून बघायचात ना? मग म्हणाला, सव्वीस तारखेपर्यंत गेम संपवा आणि नवा रिव्ह्यू द्या. नाहीतर तुम्हाला पूल ओलांडता आला नाही हे तुमच्या नावाने छापावं लागेल. आणि मग सदराचं बघू.

आठ दिवस आहेत. वेळापत्रक केलं. सकाळी दोन तास, दुपारी दोन, अंगठ्यांना ऑलिव्हचं तेल.

२० एप्रिल, गुरुवार

खमसीनचा वाळवंटी वारा सुटलाय, घरभर धूळ. अशा हवेत कोणाचीच बोटं चालत नाहीत.

जिझेल म्हणाली, मिरेतला फोन कर आणि सांग की चुकलं. मी म्हटलं, काय चुकलं? ती म्हणाली, एव्हलिनच्या शेवटच्या दोन वर्षांत तू एकदा तरी गेलीस का तिच्याकडे? याचा गेमशी काय संबंध ते मला कळलं नाही. एव्हलिनच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, हे जिझेलला माहीत आहे. शिवाय एव्हलिनला तेव्हा काहीच आठवत नव्हतं. मी गेले काय, न गेले काय.

वेळापत्रक उद्यापासून.

२३ एप्रिल, रविवार

बासिलला फोन केला. पूल त्याने ओलांडून द्यावा, पुढचं मी खेळेन, असं सुचवलं. हे संशोधनातलं सहकार्य आहे, फसवणूक नव्हे. तो म्हणाला, मदाम, मी तुमचे सिनेमावरचे लेख वाचून लिहायला लागलो, मला हे सांगू नका. आणि फोन ठेवला.

कौतुक समजावं की काय, ठरवता आलं नाही.

२५ एप्रिल, मंगळवार

तिसऱ्या कुत्र्यापर्यंत पोचले. कुत्रा झेपावला, मी बटण दाबलं, त्याला चुकवलं. पूल मोकळा झाला. आनंदाने उठून उभी राहिले आणि कंट्रोलरची काठी पुढे ढकलली, तर मुलगी कडेवरून स्वतःच पाण्यात गेली.

जिझेलने चहा करून दिला.

२६ एप्रिल, बुधवार

मिरेतला मीच फोन केला. एव्हलिनच्या आठवणीने, इतकंच. तिने हॅलो म्हटलं. मी म्हटलं, बाळ, पुलाच्या पलीकडे काय आहे?

ती हसली. म्हणाली, शेवटी विचारलंत. मग सावकाश सांगत गेली. पूल ओलांडला की ती बाई वळते. तिला मुलगी ओळखू येत नाही. पुढे एकही कुत्रा नाही, एकही बटण धावपळीचं नाही. सगळा गेम त्या दोघींच्या स्वयंपाकघरात. मुलगी रोज आपलं नाव सांगते, आई रोज विसरते, दोघी मिळून काहीतरी रांधतात. बस.

मी म्हटलं, मग पूल एवढा अवघड कशाला केलास? ती म्हणाली, अवघड तेवढंच होतं तान्त. ममाकडे जायला घरातून निघणं. एकदा आत गेलं की सोपं असायचं.

मग म्हणाली, तुम्ही तिथे एकतीस तास थांबलात, तो भाग तुमच्याइतका कोणालाच ठाऊक नाही. मी थँक्यू म्हटलं. तिच्याबरोबर गेम बनवणाऱ्या दोघांनी जाहिरातीच्या कंपनीत नोकरी धरलीय. कशामुळे, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

२७ एप्रिल, गुरुवार

सकाळी लवकर उठले. मन स्वच्छ. हातिमने काही छापायच्या आत स्वतःच लिहिलं, दोन ओळी: मी पूल ओलांडलेला नाही. पलीकडचं पाहिलेलं नसताना दिलेले गुण मी मागे घेते. तीस वर्षांत इतक्या कमी शब्दांत कधी लिहिलं नव्हतं.

जुना मजकूर काढून हा चढवला. गुणांच्या चौकटीतला चारचा आकडा खोडला आणि सेव्हचं बटण दाबलं. लाल अक्षरं आली, गुण भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शून्य टाकून पाहिलं. घेत नाही. रेघ मारली. घेत नाही. एक ते दहा यांतलाच आकडा हवा.

हातिमला फोन लावला, तो सुट्टीवर आहे, रविवारी येईल.

दहा टाकावेत असं क्षणभर वाटलं. पण न खेळता दहा देणं अप्रामाणिक झालं असतं, आणि ओळखीची मुलगी. आठ म्हटलं तर आठ का, याला उत्तर नाही. बराच वेळ बसले. जिझेल दोनदा डोकावून गेली.

शेवटी चारच टाकले. तात्पुरते. आता पानावर माझ्या दोन ओळी आहेत आणि वर मोठ्या अक्षरांत चार.

रविवारी हातिमशी नक्की बोलायचं. मिरेतला सध्या कळवत नाही.