सातव्या वळणापर्यंत

३ फेब्रुवारी. सकाळी.
वही आजपासून. चौथीपर्यंतच शिकले, पण खोटं लिहीत नाही.
आमच्या दोन क्रेन घाटात बंद पडलेल्या गाड्या ओढून आणतात. तिथे मोबाइल चालत नाही, म्हणून रेडिओ. माइकवर मी, बावीस वर्षं. टेकडीवर रिपीटरची पेटी आहे, ती माझा आवाज उचलते आणि घाटात फेकते. सगळीकडे फेकते, सातव्या वळणावर मात्र नाही. ड्रायव्हर म्हणतात, आजी, तुमचं बोलणं मध्येच तुटतं.
मुलगा म्हणाला, आई, माइक सुनेला दे. मी म्हटलं, महिनाअखेर सातव्या वळणावर रेंज आणून दाखवते. नाही आणली तर खुर्ची तुझ्या बायकोची. सून तिथेच कांदा चिरत होती. मान वर केली नाही. पक्की आहे.

५ फेब्रुवारी.
रेडिओवाला आला. टेकडी चढून, धापा टाकत परत. म्हणे पेटी ठणठणीत. फक्त सलग मिनिटभर कुणी बटण दाबून धरलं, तर तापू नये म्हणून ती आपोआप गप्प होते. शिवाय एकाने बटण धरलं की दुसऱ्याला बोलता येत नाही.
हे मला कशाला सांगतो? मी कामापुरतंच बोलते. हे त्याला नीट समजावून सांगितलं. त्याचा चहा गार झाला.
ठरवलं : अँटेना उंच करायची. उद्याच.

९ फेब्रुवारी.
ते उद्या आज उजाडलं. मुलाने कुरकुरत दहा फुटांचा पाइप जोडला. लगेच चाचणी. मिशाळ ड्रायव्हर सातव्या वळणावर होता. त्याला सांगितलं की गाडी पुढच्याच वळणावर आहे, निळी. परवाच्या निळ्या गाडीचा बंपर वाकवलास तसा हिचा वाकवू नकोस. हुक लावताना चष्मा लाव. चष्मा कुठे विसरलास ते आठव. तुझा बापही असाच विसराळू, स्वतःच्या लग्नात...
तुटलं. लग्न लागायच्या आतच तुटलं.
नात शेजारी अभ्यास करत होती. म्हणाली, आजी, आधी बटण सोड. तिला म्हटलं, तू पाढे म्हण.
दहा फूट पाइप पाण्यात.

१३ फेब्रुवारी.
शत्रू सापडला. शेजाऱ्याचं निलगिरीचं झाड. आमच्या छपरावरची अँटेना आणि टेकडी यांच्या बरोब्बर मध्ये. फांदी तोडू दे म्हणायला गेले. तो म्हणाला, रेडिओशिवायही तुमचा आवाज माझ्या बैठकीत स्पष्ट येतो.
म्हणजे आवाजात दोष नाही. शेजारीपाजारी कबूल करतात.

१४ फेब्रुवारी.
फांदी तोडली. ती आमच्याच वायरवर पडली. रेडिओ मुका. शेजारी गच्चीवरून बघत होता. तोंडावर रुमाल धरून. सर्दी झाली असेल.

१६ फेब्रुवारी.
अजून बंद. ड्रायव्हर घाटमाथ्यावरच्या पेट्रोल पंपावरून फोन करतात, सून बंद गाडी कुठे आहे ती चिठ्ठी वाचून दाखवते, फोन ठेवते. दोन दिवसांत नऊ गाड्या आल्या. एरवी पाच.
घाटात गाड्याच जास्त बंद पडल्या असणार. थंडी आहे.

१७ फेब्रुवारी.
नवी वायर. जाड. आता कोण अडवतो बघू. मिशाळला हाक मारली तर म्हणाला, सुरू झालं का. आनंद नव्हता आवाजात. दाढ दुखत असेल.

२१ फेब्रुवारी. दुपारी चार.
मिशाळची खरंच दाढ. मी म्हटलंच होतं. त्याच्या जागी मुलगा स्वतः क्रेन घेऊन गेला. दीड वाजल्यापासून पत्ता नाही.
मी एकसारखी हाका मारत होते. हाक मारायची, आवाज का पोचत नाही ते समजावून सांगायचं, झाड, पाइप, वायर, सगळं क्रमाने. तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी माइकवर म्हटलं, बाबा, जिवंत असशील तर नुसतं हो म्हण, आणि दमला असशील तर...
मागून कुणीतरी हो म्हणालं.
मुलगा दारात उभा. गुडघ्यापर्यंत चिखल. क्रेनचं चाक सातव्या वळणावर गटारात गेलं होतं. तासभर बटण दाबत होता म्हणे, पण मधे घुसायला जागाच मिळेना. चार किलोमीटर चढून पायी आला. झाडाची गोष्ट अकरा वेळा ऐकली म्हणाला. स्पष्ट.
मी टाळीच वाजवली. म्हटलं, म्हणजे सातव्या वळणावर रेंज आली! महिनाअखेरच्या आत!
त्याने बायकोला हाक मारली. तिने माइक घेतला, चाक गटारात आहे, साखळी घेऊन सातव्या वळणावर जा, एवढं सांगून बटण सोडलं. दुसऱ्या क्रेनवाल्याचा होकार आला. बारा शब्द नसतील. नमस्कार नाही, चौकशी नाही. असं बोलतात माणसांशी?

२२ फेब्रुवारी.
खुर्ची सोडली. हरले म्हणून नव्हे. कमरेला सोसत नव्हती.

२५ फेब्रुवारी. दुपारी.
सुनेचा आवाज कुठवर पोचतो ते एकदा तपासायलाच हवं होतं. मिशाळच्या क्रेनमध्ये बसून सातव्या वळणावर गेले. त्याचा हातातला सेट मागून घेतला आणि कठड्यावर बसले. वही सोबत, चुका टिपायला.
दोन तासांत चूक एकही नाही. मग सेटवर सून म्हणाली, आई, पानं वाढलीत, या.
शेजारी बसून बोलावं इतकं स्पष्ट. मिशाळ दुसरीकडे बघत होता.
मी बटण दाबलं. म्हटलं, येते. आता बटण दाबलंच आहे तर परवाच्या भाजीत मीठ जास्त होतं तेही सांगितलं, मग मिठाचा डबा वरच्या फळीवर का ठेवू नये ते, मग ती फळी बसवणाऱ्या सुताराचं...
तुटलं.
वायर पुन्हा बघून घ्यायला हवी.