बिनबैलाची भाजी

२० ऑगस्ट १९३२, शनिवार

तात्यासाहेब वकिलांकडे चहाला गेलो. बोलावलं नव्हतं, पण या मोगलाईत आपल्या रत्नागिरीकडचं घर एवढं एकच. माझा आणि त्यांच्या द्वारकेचा विषय चैत्रापासून पडून आहे. पत्रिका जुळते. नोकरी बरी आहे (मुंबईच्या कापूस कंपनीच्या औरंगाबाद शाखेत हेडक्लार्क. दुसरा क्लार्कच नाही, म्हणून हेड). अडलंय ते त्यांच्या मातोश्रींपाशी. लक्ष्मीआजींचा शब्द त्या घरात शेवटचा. माझ्याबद्दल त्यांचं मत एवढंच की मुलगा बोलतो फार.

आज आजी म्हणाल्या, कोकण सोडल्यापासून आमची ऋषिपंचमी नुसत्या केळ्यावर निघते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, आणि इथं तसली भाजी मिळायची कुठं? मी ताबडतोब म्हणालो, आजी, यंदा ऋषीची भाजी माझ्याकडे. अगदी आपल्याकडच्यासारखी. तात्यासाहेबांनी विचारलं, खांबेटे, तुम्हाला स्वयंपाक येतो का? मी नुसता हसलो. आजी म्हणाल्या, बघू. बायकांचं बघू म्हणजे हो.

म्हणजे प्लॅन सरळ आहे. भाजी जमली की लग्न जमलं.

निश्चय: पंचमीपर्यंत पान-तंबाखू बंद.

२२ ऑगस्ट, सोमवार

शहागंजात साळूबाईकडे गेलो. मंडईत तिची भाजी सगळ्यात ताजी आणि तोंड सगळ्यात फाटकं. विचारलं, बैलाशिवाय पिकलेली भाजी कोणती? ती म्हणाली, भाऊ, डोकं ठिकाणावर हाय नव्हं? भेंडी मोटेची, दोडकं मोटेचं, माठ बी मोटेचाच. मोटेला बैल नाय जुपायचा तर काय मी सोताला जुपून घिऊ? आजूबाजूच्या बाया बराच वेळ हसत होत्या.

आमच्याकडे परसात बी टाकलं की पाऊस बाकीचं बघतो. बैलाला कोणी विचारतही नाही. इथं विहिरीला मोट, मोटेला बैल, आणि माल मंडईत येतो तोही बैलगाडीनं. असल्या मुलखात लोक सण करतात तरी कसे?

पान एकच खाल्लं. डोकं चालावं म्हणून.

२४ ऑगस्ट, बुधवार

नवी भानगड. आमच्या गोदामातला हमाल फकिरा, सिल्लोडचा. त्याला सगळं समजावून सांगितलं. (चूक झाली.) तो म्हणाला, व्हय साहेब, पर फोडनीला तेल लागंल की. घाण्याला कोन फिरतंय मंग? हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे आलं होतं, पण त्या क्रमानं नाही.

तेल रद्द. तूप वापरणार. फकिरा म्हणाला, गाय चालती का? म्हटलं, चालते. तो म्हणाला, बैलाचीच माय हाय की ती. त्याला गाठी मोजायला पाठवून दिलं.

दोन पानं.

२६ ऑगस्ट, शुक्रवार

जुम्म्याची सुट्टी. आणि सापडली! आमच्या ऑफिसचा चौकीदार निजामुद्दीन बेगमपुऱ्यात राहतो. त्याच्या आईच्या, जैतुनबीच्या, परसात नहरेचं पाणी खेळतं. डोंगराकडून खापरी नळांतून ते आपोआप चालत येतं. ना मोट ना बैल. जमीन ती कुदळीनं खणते. अळू, माठ, भेंडी, दोडका, भोपळा, अंबाडी, सगळं आहे. मला तिथल्या तिथं नाचावंसं वाटलं. नाचलो नाही, निजामुद्दीन बघत होता.

पैशाचं विचारलं तर जैतुनबी म्हणाली, पैसे कायके बेटा, अल्ला का पानी है, ले जाव. मग विचारलं, दुल्हन को भी भाती क्या ये भाजी? मी म्हणालो, दुल्हनला विचारायचा प्रश्नच नाही, आजींना आवडली की झालं. ती माझ्याकडे बघतच राहिली. माझा व्यवहारीपणा तिला आवडला असावा.

३१ ऑगस्ट, बुधवार

पोळा. रस्तोरस्ती नटवलेले बैल, झुली, रंगवलेली शिंगं, हलगीचा दणदणाट. मला हल्ली बैल दिसला की तळपायाची आग मस्तकात जाते. गावाकडून चुलतभावानं नारळ आणि सुरण पार्सलनं पाठवलेत, ते स्टेशनवर करोडगिरीवाल्यांनी जकातीसाठी अडकवलेत. परदेशात राहायचं म्हणजे हेच. आपल्याच घरचा नारळ परक्या सरकारकडून सोडवून घ्यायचा.

गुलमंडीत तात्यासाहेब भेटले. म्हणाले, आई रोज विचारते, तो मुलगा खरंच करणार आहे का रे? म्हणजे त्यांच्या घरात सध्या माझ्याशिवाय विषय नाही.

२ सप्टेंबर, शुक्रवार

भाजीची ट्रायल घेतली. अळू खाजरं निघालं. जीभ सुजली, घशात काटे. दिवसभर बोलता येईना. संध्याकाळी निजामुद्दीन आईचा निरोप घेऊन आला, की चिंच घालायची असते. हे मला माहीत होतं. चिंचेशिवाय जमतं का, तेच बघत होतो.

आजींच्या घशाला खाज सुटली असती तर?

४ सप्टेंबर, रविवार. गणेश चतुर्थी

पार्सल सुटलं. करोडगिरीच्या कारकुनानं सुरण उलटासुलटा करून पाहिला, हुंगला आणि हे खातात का म्हणून विचारलं.

बेगमपुऱ्याहून भाजीची टोपली स्वतः डोक्यावर आणली. टांगासुद्धा केला नाही, घोड्याचा कडबा कोणी ओढून आणला काय सांगावं. भर बाजारात ओळखीचे लोक हसले. हसू देत. या भाजीला मी बैलाची सावली लागू दिलेली नाही.

तात्यासाहेबांचा निरोप आला. आई नक्की येणार, सोबत द्वारका. घरात आईसाठी काही करणार नाही, यंदा केळीसुद्धा आणलेली नाहीत. म्हणजे माझ्याकडे जेवल्या तर जेवल्या, नाहीतर त्या माउलीला दिवसभर उपास. पण मी काहीही नशिबावर सोडलेलं नाही. छावणीपासून इथं औरंगपुऱ्यापर्यंत टांग्यानं म्हाताऱ्या माणसाची हाडं खिळखिळी होतील, म्हणून पुंजारामची दमणी ठरवली. आत गादी, वर पांढरं छत, देवणी बैलांची उमदी जोडी, शिंगांवर पोळ्याचा रंग अजून ताजा. द्वारकाही बघेल, माणूस किती बारकाईनं विचार करतो ते.

५ सप्टेंबर, सोमवार. ऋषिपंचमी

पहाटे ५. आंघोळ. सोवळं नेसून चुलीपाशी. ऑफिसात पोटदुखी कळवली आहे.

सकाळी १०. भाजी झाली. सोबत वऱ्याचा भात. चाखायची नाही, आधी आजींच्या पानात. पण वास! आई गेल्यापासून हा वास आला नव्हता. चुलीपुढे बसून रडलो. लाकडं ओली होती, हेही खरं.

सकाळी ११. दमणी पाठवली.

दुपारी १२. रांगोळी काढली. गणपती काढायला गेलो, उंदीर झाला. असू दे.

दुपारी १२॥. दमणी रिकामी परत. पुंजाराम म्हणाला, म्हातारबाय दारात आल्ती, बैलायच्या पाठीवरून हात फिरवला, हात जोडले अन् माघारी गेली. म्हनली, आजचा दिस तरी सोड की रे बैलायला. त्यानं मला विचारलं, सोडू का? मी म्हणालो, भाडं पूर्ण दिवसाचं ठरलंय. आजींना उपासानं ग्लानी आली असावी. बोलण्याचा काही संदर्भ लागत नाही.

दुपारी १. उपाय सुचला. आजी येत नाहीत तर भाजी त्यांच्याकडे जाईल. पातेलं फडक्यात घट्ट बांधून दमणीत गादीवर ठेवलं. पुंजारामला म्हणालो, पळव बैल, गरम पोचली पाहिजे.

दुपारी ३. पातेलं परत आलं. गाठसुद्धा सोडलेली नाही.

दुपारी ४. काही कळत नाही. तीन पानं खाल्ली. पोटात दुसरं काही नाही.

संध्याकाळ. तात्यासाहेब छावणीहून पायी आले. घामाघूम. मी दारातच विचारलं, भाजी का नाही घेतली? वास तरी आला का? त्यांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. मग म्हणाले, खांबेटे, बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असं का म्हणतात, कधी मनात आलं का? आजचा दिवस त्याला कोणी राबवू नये म्हणून. तुम्ही आज दोनदा जुंपलीत जोडी. आई सकाळपासून पाण्यावर आहे. मी म्हणालो, पण अळू नहरेच्या पाण्यावरचं होतं. ते म्हणाले, हो, ते सगळ्या गावाला माहीत आहे.

म्हटलं, आत्ता डोक्यावरून नेतो, पळत जातो. ते म्हणाले, पातेलं दमणीत बसून आलंय, आता ते तिला चालायचं नाही. आणि दिवस मावळला. चपला घालून निघून गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

पातेलं पुंजारामला देऊन टाकलं. त्या पातेल्याकडे बघवत नव्हतं.

९ सप्टेंबर, शुक्रवार

मनाचा हिय्या करून माफी मागायला गेलो. आजी रागावलेल्या नव्हत्या. पदर तोंडाला लावून हसत होत्या. म्हणाल्या, एवढं डोक्यावरून वाहून आणलंस रे माझ्यासाठी, मेल्या. मुलगा मनाचा बरा आहे, माझी काही हरकत नाही. मी खुर्चीत सावरून बसलो. चैत्रापासून याच वाक्याची वाट बघत होतो.

तात्यासाहेब खाकरले. म्हणाले, आईची हरकत नाही. द्वारकेची आहे. ती म्हणते, आजी दिवसभर उपाशी, आणि यांनी पहिला प्रश्न भाजीचा विचारला. आजीचा नाही. तिला तुमच्याकडे यायचं नाही, खांबेटे. मी तिला जबरदस्ती करणार नाही.

सबबी चार-पाच सुचल्या होत्या. त्या तशाच घेऊन उठलो. पोरीचं बरोबर आहे. फार वाईट वाटलं.

परत येताना पैठण गेटापाशी पुंजाराम दिसला, बैलांना पाणी पाजत होता. मला त्या भाजीचा एक घासही मिळाला नव्हता. आईच्या हातच्यासारखी झाली होती की नाही, तेवढं तरी कळावं म्हणून विचारलं, कशी होती रे? तो म्हणाला, खरं सांगू का साहेब, आमच्या घरी कोन्लाच नाय आवडली. आंबट लागली. या दोघांम्होरं टाकली, त्यांनी पातेलं चाटून पुसून खाल्लं.