दगडाला येणारा बाक

प्रिय लारिसा,

पंधरा दिवसांपूर्वी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, शाळेच्या फिजिक्स प्रोजेक्टसाठी ग्रँटनं काय भन्नाट विषय सुचवलाय, ऐक! कर्लिंगचा दगड बर्फावर का वळतो?" मी "छान" म्हणालो आणि फोन ठेवला. ते छान कसलं होतं ते तुला कळलंच असेल. पोरी, हा विषय त्याला सुचला? तू सात वर्षांची असताना आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ग्लास पालथा घालून, गिरकी देऊन मी तुझ्याकडे सरकवला होता. घड्याळाच्या काट्यांसारखा फिरवलेला ग्लास डावीकडे वळतो, आणि तसाच फिरवलेला दगड बर्फावर उजवीकडे. तुझ्या काट्यावरचा पेरोगीचा घास तसाच हवेत राहिला. तुझी आई म्हणाली, "अरे, पोरीला आधी जेवू दे, मग शास्त्रज्ञ कर!" तेव्हापासून हा विषय बारावीतल्या लारिसासाठी मी राखून ठेवला होता. तुला बोललो नव्हतो, एवढंच.

ग्रँट तुझ्या आईचा नवरा आहे, सास्काटूनच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो, तुम्ही तिघं एका घरात राहता, हे सगळं मला मान्य आहे. माणूस वाईटही नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. पण तो कधी कर्लिंग खेळला नाही, त्यानं जन्मात बर्फावर एक दगड सरकवत सोडलेला नाही. मी अकरावीत शाळा सोडली आणि फिजिक्स शिकलो ते गावच्या लायब्ररीतून, एकेक पुस्तक तीन-तीनदा घरी आणून. आपल्या कर्लिंग क्लबचा बर्फ एकोणीस हिवाळे मी राखतोय. वरचा थर उणे पाचचा उणे चारवर आला तर थर्मामीटर बघायच्या आधी मला बुटांतून कळतं. पाठीवर डबा बांधून, उलट्या पावलांनी चालत मी गरम पाणी शिंपडतो, तेव्हा बर्फावर बारीक दाणे उठतात. ते दाणे नसतील तर दगड अर्ध्यावर बसतो. हे मी कुणाच्या वर्गात बसून शिकलेलो नाही.

मागल्या शनिवारी तुम्ही दोघं क्लबात आलात. त्याच्या डोक्यावर तू विणलेली टोपी होती. मलाही तू एक दिली आहेस, निळी. त्याची दोन रंगांची निघाली. असो. मी तुम्हाला बर्फाची तीन नंबरची पट्टी नीट करून दिली होती. तू दगड सोडायचीस, तो कॅमेरा धरायचा. मग तुम्ही दोघं बर्फावर ओणवे झालात आणि त्यानं तुला विचारलं, "पहिल्यापेक्षा हा कमी वळला. तुला काय वाटतं, का?" उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी तोंड उघडलं तर तू मागे न बघताच हात वर केलास. "बाबा, थांब ना! सांगू नकोस!" आणि मग तू किती वेळ नुसती बघत राहिलीस. तोही तुझ्याबरोबर दाणे बघत होता. मी खराटा धरून कडेला उभा, माझ्याच बर्फावर पाहुण्यासारखा.

बऱ्याच वेळानं तू म्हणालीस, "दगड का वळतो यावर मोठ्या मोठ्या लोकांचंच अजून एकमत नाही. तो विषय मला पेलणार नाही. मी एवढंच मोजते, की खेळता खेळता दाणे झिजतात तसतसा दगडाच्या वाटेचा बाक किती बदलतो." ग्रँट म्हणाला, "मला याचं उत्तर माहीत नाही गं." आणि हसला! माहीत नाही म्हणताना माणूस इतका खूश झालेला मी पाहिला नव्हता. मला विचारलं असतंस तर मी लगेच सांगितलं असतं, सहाव्या डावाला बाक कसा आणि आठव्याला कसा. हाताला कळतं मला. पण किती, ते कधी मोजलं नाही. मोजावं असं मनातही आलं नाही. तुझा विषय आता त्याचा नाही आणि माझाही नाही, हे मला तिथेच दिसलं. पण तो तुला सापडला तेव्हा तुझ्या शेजारी कोण वाकलं होतं, तेही दिसलं.

त्यानंतर तुम्ही वर कॅन्टीनमध्ये गेलात. त्यानं माझीही कॉफी घेऊन ठेवली आणि जिन्यातून हाक मारली. मी म्हणालो, "बर्फ गोठवायचं मशीन तापलंय, बघून येतो," आणि आलोच नाही. तुमची गाडी गेल्यावर कॅन्टीनवाली व्हर्ना तो गार कप घेऊन खाली आली. म्हणाली, "मशीन ठणठणीत आहे रे. तापलंय ते तुझं डोकं. बायको सोडून गेली तेव्हा एवढं तोंड पाडलं नव्हतंस!" मी तिला तिचं काम करायला सांगितलं.

परवा तुझा निरोप ऐकला. "बाबा, तुला त्रास होत असेल तर राहू दे. ग्रँट इथेच दुसरा बर्फ बघतोय." मी उलट फोन केला नाही, कारण फोनवर मी तुझं वाक्य पुरं होऊ देत नाही. म्हणून हे पत्र. दुसरा बर्फ बघू नका. हंगाम संपला म्हणून कमिटी या रविवारी मशीन बंद करणार होती, ते मी चालू ठेवायला लावलं. अध्यक्ष मॉरिसनं विचारलं, "एका पोरीच्या प्रोजेक्टसाठी?" मी म्हटलं, "होय, एकीच्या." ईस्टरपर्यंत तीन नंबरची पट्टी तुझी. दाणे मी रोज सारखेच घालीन आणि तू विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. हे दुसरं मला जड जाणार आहे. आणि ग्रँटला आमच्या क्लबाची रीत सांग, त्याला ती माहीत नसणार. खेळ संपला की जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला पहिला पेला पाजायचा आणि हरणाऱ्यानं तो समोर बसून प्यायचा, कितीही झोंबलं तरी. एवढ्या वर्षांत मी टेबलावरून कधी उठलो नव्हतो, त्या शनिवारी बसलोच नाही. त्याला म्हणावं, शनिवारी ये आणि कॉफी पुन्हा मागव, बिनदुधाची. मी समोर बसेन. गोड बोलेनच असं मात्र नाही.

तुझाच,
बाबा