सहलीवरचं एक मत

चेन्नई, ५ फेब्रुवारी, दुपार

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

आज सकाळी तू फोनवर म्हणालीस, "परवाचं मतदान होईपर्यंत निधीला काही कळता कामा नये," तिथून माझं सगळं बदललं. तू लगेच दुसरा फोन घेतलास. मी इथे समुद्रासमोर इडलीची ताटली धरून तसाच उभा.

लिहितोय, कारण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि व्हॉइस मेसेज टाकला की तुझ्याआधी तुझं ऑफिस सांभाळणारा नवीनदादा ऐकतो. या पानांचे फोटो पाठवतोय. स्वतः वाच.

तुझे आठही नगरसेवक सुखरूप आहेत. कृष्णकांतकाका तेवढे नाराज. काल ते रिसॉर्टच्या मॅनेजरला, सुब्बाला, मराठीतच दम देत होते, "महापौर कुणालाही करा, पण मला पोळी द्या. नुसत्या भातावर माणूस गट बदलतो." सुब्बा मला धाकटा भाऊ समजून विचारतो, "तंबी, सर काय म्हणतात?" म्हटलं, जेवण छान आहे म्हणतात. शेवटी विद्याधरमामा वेलचेरीहून मामीच्या हातच्या पोळ्या घेऊन आला. जाताना त्याने माझ्या कॉलेजचा विषय काढलाच. मी भांडलोच.

आल्या दिवशी सगळ्यांचे फोन गोळा केले तेव्हा निधी अडून बसली होती. "मी अपक्ष आहे, मला कुणाचा व्हिप नाही. फोन का देऊ?" मग मला पाहिलं आणि म्हणाली, "तू ठेवणार का? मग घे." बाकीचे फोन सुब्बाच्या कपाटात आहेत. तिचा माझ्या बॅगेत.

इथल्या ओरगडमच्या कारखान्यातून तू मला रजा टाकायला लावलीस ती मला तमिळ येतं म्हणून, असं मी समजत होतो. तमिळ मामालाही येतं, आई. पण मामाच्या हातात तिने फोन दिला नसता.

मी सहावीत होतो. पालिकेचं पथक मंडई उठवायला आलं आणि तू पदर खोचून जेसीबीच्या पुढ्यात बसलीस. ऊन फार होतं. बांगडीवाल्या सईबाईंनी दुकानाची ताडपत्री काढून तुझ्यावर धरली, आणि त्यांची निधी खोक्यावर बसून मला जीभ काढून दाखवत होती. तिथून तू नगरसेविका झालीस, मग सभापती. या वेळी सोडतीत महापौरपद महिलांसाठी निघालं, तेव्हा पेढे मंडईत वाटले गेले, आपल्या घरी नंतर आले.

आणि उद्या सकाळी पथक त्याच मंडईवर जाणार. ती जागा हवी असलेल्या बिल्डरच्या हातात तीन मतं आहेत म्हणून. त्या प्रभागाची नगरसेविका निधी मात्र इथे शिंपले वेचत बसली आहे.

मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "खुर्चीत बसले की दुसरी जागा देईन त्यांना. आधी बसू तर दे." मग आवाज खाली आणून म्हणालीस, "आणि तुला ती आवडते ना? निवडणूक होऊ दे. मीच जाते मागणी घालायला."

राग आला मला. खूप आला. पण त्याच्या आधी एक क्षण आनंद झाला, आणि तेच मला दुपारभर बसू देत नाहीये.

त्यानंतर लगेचच नाश्त्याला बॅगेतला फोन थरथरला. सईबाईंचा होता. निधीने विचारलं, "आईचा फोन आला होता का रे? तीन दिवस झाले." मी नाही म्हणालो. "मग बरंय, धंदा जोरात असेल," असं म्हणून तिने तिच्या ताटलीतला वडा माझ्या ताटलीत ठेवला.

वर्गात एकाने तुला बिल्डरची बाहुली म्हटलं होतं. त्याचे दोन दात गेले आणि माझं तिसरं वर्ष. प्राचार्य म्हणाले, माफी माग, परीक्षेला बस. मी नाही मागितली. तो मुलगा उद्या भेटला तर त्याच्याशी काय बोलू, एवढं मला सांग.

मी आता निधीला फोन देणार आहे. सकाळी खोटं बोललो हेही सांगणार आहे, तेव्हा मागणीचं तू डोक्यातून काढ. ती माझ्याशी पुन्हा बोलेल असं वाटत नाही. संध्याकाळी पुण्याचं विमान आहे. उजाडायच्या आत ती मंडईत पोचेल आणि कुठे बसेल ते तुला वेगळं सांगायला नको. तिच्याशिवाय तुला एक मत कमी पडतं, हे मला कळतं. वीस वेळा मोजून पाहिलं.

पण आयुक्तांना तुझा एक फोन गेला तर पथक निघणारच नाही. मग बिल्डरची तीन मतं जातील आणि तू पडशील, हेही मोजलं. निधी मात्र तुझ्यासाठीच हात वर करेल. काल म्हणाली होती, "काकूंना मत द्यायला मला सहलीवर कशाला आणलं? मी तसंही दिलं असतं."

समोरच्या व्हरांड्यात ती कृष्णकांतकाकांशी पत्ते खेळते आहे. काका हरतायत, तिला चिडवतायत, ती हसते आहे. अजून थोडा वेळ हसेल.

तुझा फोन येणार, मला माहीत आहे. माझा फोन इथे टेबलावरच ठेवून चाललोय, वाजू दे. तिचा तेवढा खिशात घेतला आहे.

तुझं बोट धरून त्या मंडईत आलेला,
मकरंद

आता उठतो. दार बाहेरून लावून घेतो.